हद्दूचं आमीन

बोर्गरहाउट या आमच्या वस्तीतल्या मशिदीत शुक्रवारी चारशे माणसं जमतात, आणि त्या चारशेंत हद्दूचं आमीन वेगळं ओळखू यायचं. बाकीचे लोक आमीन पुटपुटतात, अर्धं ओठांत, अर्धं दाढीत. हद्दू मात्र बेंबीच्या देठापासून म्हणायचा. दुवा मागताना इमामाने जरा श्वास घेतला की पहिल्या रांगेतून त्याचा आवाज उठायचा आणि त्याच्यामागून आम्हा सगळ्यांचे. तरणी पोरं त्याला बांग देणाऱ्याचा मोठा भाऊ म्हणायची. मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो. सत्तावीस वर्षांत त्याने माझा उजवा कान जवळपास बधिर केला होता. ही हकीकत सांगतोय तो मीच, शाइब, ट्रामच्या डेपोतला निवृत्त सफाई कामगार, रविवारी मशिदीत पोरांना अरबी शिकवणारा. या सगळ्या प्रकरणात ज्याचं नाव कुठेच छापून आलं नाही तो माणूस.

हद्दू समुद्रापलीकडच्या रिफ नावाच्या डोंगरातला, माझ्यासारखाच. अठ्ठ्याऐंशी साली तो इथे आला, आधी एक हंगाम नाशपाती तोडल्या, आणि मग स्टेशनमागच्या यहुदी वस्तीत एका बेकरीत लागला तो तिथेच मुरला. मालक लायझर म्हणून होता, लांब काळा कोट, पांढरी दाढी, बोलायला तुसडा. पहिल्याच दिवशी त्याने हद्दूला बजावलं, "भट्टीला हात लावायचा नाही. ती आम्हीच पेटवायची. बाकी सगळं तुझं." त्यांच्या धर्मात तसा नेम आहे. एकदा पहाटे भट्टी विझली आणि लायझरला यायला उशीर झाला, तर हद्दू थंड भट्टीसमोर पाऊण तास हाताची घडी घालून बसून राहिला. काडेपेटी खिशात होती.

"एवढी वर्षं बेकरीत आहेस आणि तुला साधी आग लावता येत नाही," मी त्याला चिडवायचो.

"आग लावायला तू आहेस की मशिदीच्या कमिटीत," तो म्हणायचा.

शनिवारच्या सणासाठी ते लोक वेणीसारखा विणलेला पाव करतात. कणकेच्या सहा लडी एकमेकींत गुंफायच्या. त्यात हद्दूचा हात असा बसला की लायझर स्वतः विणायचा बंद झाला. हद्दूची मुलगी लुइझा शाळेत जायची तेव्हा तिची वेणी बापच घालायचा, तीही सहापेडी. शाळेतल्या मास्तरणीने एकदा तिला विचारलं होतं की तुझी आई ही कला कुठे शिकली. लुइझाने सांगितलं, "आई नाही, बाबा घालतात. बेकरीत शिकतात." रमजानमध्ये हद्दू उपाशीपोटी त्या भट्टीच्या वासात बारा बारा तास उभा असायचा, आणि तुसडा लायझर ते तीस दिवस त्याच्यासमोर चहा पीत नसे. बोलून मात्र कधी दाखवलं नाही. तो वारल्यावर त्याची मुलगी गिटल बेकरी बघू लागली. ती परकरात असल्यापासून हद्दू तिला नावाने हाक मारायचा. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो तिला मादाम म्हणू लागला. तिने खूप सांगून पाहिलं, पण ऐकेल तर तो हद्दू कसला.

कणीक मळून झाली की गिटल त्यातला एक गोळा बाजूला काढते, हिब्रूत दुवा म्हणते आणि तो गोळा आगीत टाकते. ऐकणाऱ्याने आमीन म्हणायचं असतं, आपल्यासारखंच. लायझरच्या वेळेपासून ते आमीन हद्दू म्हणत आलेला. मला हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. "अरे, तुला त्यातलं एक अक्षर तरी कळतं का?"

"आपल्या इमामाचं कुठे कळतं?" तो म्हणाला. "दुवा कुणाची का असेना, वर निघालेली आहे ना? चढावर कुणाची गाडी दिसली की आपण मागून ढकलतोच. आत काय भरलंय ते विचारत बसतो का?"

आम्हा रिफी लोकांचं हे असंच आहे. घरात आमची डोंगरातली बोली, कचेरीत इथली फ्लेमिश आणि देवाशी अरबी. त्यातली तिसरी बहुतेकांना येत नाही. नमाजापुरतं पाठ असतं, अर्थाच्या नावाने शून्य. मी तिकडच्या नादोर शहरात शाळेत गेलो, बारा वर्षं अरबीत शिकलो, म्हणून मला येते. त्याची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू. हद्दूला मी म्हणायचो की रविवारी माझ्या वर्गात येऊन बस, पोरांच्या बाकावर. तो म्हणायचा, "तू आहेस ना शेजारी. काही विशेष असलं तर सांगशील."

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमचे इमाम आईच्या आजारपणामुळे गावी गेले. आमचा अध्यक्ष बूझियान, भाजीच्या दुकानाचा मालक, मनाने साधा आणि मोठेपणाचा भुकेला. त्याने इंटरनेटवर पाहून एका पाहुण्या उपदेशकाला बोलावलं. बाहेरदेशी राहणारा, हजारो लोक ऐकतात, आवाज असा की दगडाला पाझर फुटेल, असं बूझियान आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. मलाही उत्सुकता होती.

माणूस आला तो खरंच देखणा होता. पन्नाशीचा, हसरा, अत्तराचा मंद वास. त्याने आईबापांच्या सेवेवर प्रवचन केलं. मोठी शुद्ध अरबी, एकही चूक नाही. मी मनातल्या मनात वाहवा करत होतो. मग तो दुवेसाठी उभा राहिला, सगळ्यांनी ओंजळी पसरल्या. आधी त्याने आमच्या मेलेल्या आईबापांसाठी मागितलं. तेवढे दोन शब्द, आई आणि बाप, अरबीत कुणालाही कळतात. मागता मागता पाहुणा रडू लागला. हद्दूची आई गावाकडे वारली तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि प्रत्येक श्वासाला तो आमीन म्हणत होता, असं की खांबावरचा ध्वनिक्षेपक घुमावा.

आणि मग त्याच रडव्या आवाजात, तीच लय, तेच यमक, जराही न थांबता पाहुणा यहुद्यांवर आला.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढचं वाक्य आलं. त्यांची लेकरं पोरकी कर. त्यांच्या बायका विधवा कर. त्यांना एकेक मोजून संपव, एकही मागे ठेवू नकोस.  हा इसम कुठे उभा राहून हे मागतोय? इथून ट्रामने दहा मिनिटांवर त्यांची लेकरं शाळेतून घरी येत होती. त्यांना मी रोज बघत आलोय, थंडीत लाल झालेल्या नाकांची, कानांवर बटा रुळणारी पोरं. आणि हा माणूस रडत होता. आई आठवून रडावं तसा रडत हे मागत होता. इतकी घाण मी इतक्या गोड आवाजात आयुष्यात ऐकली नव्हती.

"आमीन," माझ्या उजव्या कानात हद्दू गरजला. त्याचे डोळे मिटलेले होते. तो अजून आईपाशीच होता.

आता माझं ऐका. आमच्यात नेम असा आहे की मिंबरावरून, म्हणजे इमामाच्या चौथऱ्यावरून, बोलणं चालू असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही. शेजाऱ्याला गप्प बस म्हटलं तरी तो दोष धरतात. तो नेम मला त्या क्षणी आठवला, आणि आठवल्याबरोबर बरं वाटलं. बुडत्याला काडी मिळावी तसं. मी मूग गिळून बसलो. एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण माझ्या मागच्या रांगेत नवी पोरं होती, त्यांच्यातल्या दोघा-चौघांना अरबी येते, आणि मला वाटलं की ते माझ्या तोंडाकडे बघताहेत. अरबीचा मास्तर आमीन का म्हणत नाही? माझे ओठ हलले. हळूच, पण हलले. कळून सवरून.

नमाजानंतर आतल्या खोलीत चहा होता. हद्दू दर शुक्रवारी कामावरून थेट यायचा, भुवयांत पीठ, बगलेत पिशवी, आणि पिशवीत बेकरीतले उरलेले दोन-तीन वेणीपाव. गिटल ते मुद्दाम काढून ठेवायची. पाहुण्याने त्यातला एक तोडला, देवाचं नाव घेऊन खाल्ला, आणि बूझियानला म्हणाला, "कोणाच्या हातचा हा? या हातांत बरकत आहे."

बूझियानने हद्दूला पुढे ढकललं. पाहुण्याने त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. हद्दूला अरबी कळत नव्हती, तो नुसता लाजून हसत होता.  मी चहा तसाच ठेवून बाहेर पडलो. हद्दू मागून धावत आला.

"काय दुवा मागितली रे त्याने," तो म्हणाला. "माझी म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहिली. पुढचं काय होतं? लांबलचक मागत होता."

"नेहमीचंच," मी म्हणालो.

आता सांगा, याहून सोपा वेळ मला कधी मिळणार होता? मिंबर नव्हतं, नेम नव्हता, मागची रांग नव्हती. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. तरी मी नेहमीचंच म्हणालो.

पाहुणा त्याच संध्याकाळी निघून गेला. बूझियानने त्याच्या दुवेचा व्हिडिओ मोठ्या कौतुकाने मशिदीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. त्यालाही अरबी येत नाही. शत्रूने केलं असतं तर गोष्ट निराळी. आमच्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने, खाली तीन गुलाबाची फुलं चिकटवून, ते जगाला दाखवलं. सोमवारपर्यंत ते कुण्या पत्रकाराच्या हाती लागलं आणि मंगळवारी टीव्हीवर आलं, खाली फ्लेमिशमध्ये ओळीला ओळ अर्थ देऊन.

पाहुणा कॅमेऱ्यात पाठमोरा होता. कॅमेऱ्यासमोर होता हद्दू. पांढरी लोकरीची टोपी, मिटलेले डोळे, ओली दाढी, पसरलेली ओंजळ. खाली अक्षरं येत होती, त्यांना एकेक मोजून संपव, आणि वर हद्दू सगळा जीव ओतून आमीन म्हणत होता. त्याच्या डावीकडे एक खांदा आणि अर्धा कान दिसत होता. तो माझा.

मी हद्दूच्या खालच्या मजल्यावर राहतो. लुइझा तेव्हा इस्पितळात नर्स होती, ड्यूटी सोडून आली. तिने वरूनच हाक मारली, म्हणून मी गेलो. हद्दू पलंगाच्या कडेवर बसला होता, हातात मुलीचा फोन. बायको यमीना दाराशी उभी होती, तोंडावर ओढणीचं टोक धरून. लुइझा एकेक ओळ वाचून आमच्या बोलीत सांगत होती. 

"पुन्हा लाव," हद्दू म्हणाला.

तिने पुन्हा लावलं.

"हे पोरकी कर म्हणतोय, ते आपल्यासाठी ना? म्हणजे आपल्यातल्या पोरक्यांवर दया कर, असं?"

"नाही बाबा."

"तुला नीट येत नसेल. शाइब, तू सांग. ही फ्लेमिशवरून सांगतेय. तिकडे टीव्हीवाल्यांनी काहीतरी आपल्या मनाचं लिहिलंय."

तिघंही माझ्याकडे बघत होती. खोटं बोलावं असं एक क्षण आलं मनात, पण कुणाशी आणि किती बोलणार? "बरोबर लिहिलंय," मी म्हणालो.

हद्दूने फोन पलंगावर उपडा ठेवला. मग तो आपल्या हातांकडे बघत राहिला, बराच वेळ, ते कुणा परक्याचे असावेत तसा. "त्या बायका विधवा कर म्हणाला. मी आमीन म्हणालो," तो म्हणाला. "मादाम विधवा आहे. मागच्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्या दारात बसलो होतो."

 लुइझा माझ्याकडे पाहत होती. पोरगी हुशार आहे. बापाच्या ध्यानात न आलेली गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, हे मला तिच्या नजरेत दिसलं. तिने तोंड उघडलं नाही, बहुधा बापाला एका दिवसात दोन धक्के नकोत म्हणून.

पुढचे दोन दिवस आमच्या गल्लीत जे झालं ते कुणाच्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. पोलीस आले, नगरपालिकेचे लोक आले, बूझियानने राजीनामा लिहून दिला आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. पाहुण्याचं काही नाही. तो म्हणे दुसऱ्याच देशात दुसऱ्याच मशिदीत रडत होता. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला तो हद्दूचा, नाव नव्हतं, पण टोपीवरून सगळ्या बोर्गरहाउटने ओळखला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. रस्त्यात एक फ्लेमिश म्हातारी त्याच्या अंगावर थुंकली. त्याहून वाईट म्हणजे आमच्यातल्याच एका टवाळाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास, अझीझी. दाखवलंस त्यांना." अझीझी म्हणजे आमच्यात काका. हद्दूने त्या पोराची कॉलर धरली. त्या दिवशी आम्ही मध्ये पडलो नसतो तर काहीतरी भलतंच झालं असतं.

बुधवारी सकाळी बेकरीतून फोन आला होता. आज येऊ नका, गिटल म्हणाली होती. उद्याचं काय, तर तेही बघते म्हणाली. तिच्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं की या माणसाच्या हातचा पाव आमच्या मेजावर येणार नाही. गुरुवारच्या रात्रीपासून शुक्रवारचं विणकाम सुरू होतं. तोवर तिने दुसरा माणूस घेतला की एकतीस वर्षांचं सगळं संपलं, आणि नोकरी गेल्याचं दुःख हद्दूला होतं असं मला तरी दिसलं नाही. तो एकच गोष्ट घोकत होता, की तिने मला तसा समजू नये. बाकी जगाने काय समजायचं ते समजावं.

गुरुवारी दुपारी तो खाली आला. दाढी विंचरलेली, टोपी नाही. बोडका हद्दू मी पहिल्यांदाच रस्त्यावर पाहिला.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुला अरबी येते. मला येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू सांग तिला. तुझं ती ऐकेल, तू मास्तर आहेस."

मी डोकं दुखतंय म्हणालो. तो म्हणाला, ट्राममध्ये बरं वाटेल. एवढ्या विश्वासाने म्हणाला की मला कोट घालावाच लागला. वाटेत तो चार वेळा म्हणाला, तू होतास म्हणून बरं.

गिटलने दुकानाचा पडदा ओढून घेतला आणि आम्हाला मागे पिठाच्या खोलीत बसवलं. शेहेचाळीसची बाई, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, डोळे सुजलेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी ते एकदा पाहिलं," ती म्हणाली. "मग आवाज बंद करून पाहिलं. आवाज बंद असला की तुम्ही नेहमीचेच हद्दू दिसता. आवाज लावला की..." ती थांबली. "माझे आजोबा दहा भावंडं होती. युद्धातल्या मृत्युछावणीतून एकटे परत आले. त्यांच्या घरात मी वाढले, हद्दू. हे शब्द आम्हाला नवे नाहीत. पण ते तुमच्या तोंडून—"

"शब्द माझे नाहीत, मादाम. माझं फक्त आमीन."

"तेच तर. रोज मी गोळा काढते, दुवा म्हणते, तुम्ही आमीन म्हणता. वडिलांच्या वेळेपासून म्हणत आलात. नवरा गेल्यावर घरात पुरुष उरला नाही, तेव्हा मला वाटायचं, निदान तुमचं आमीन आहे. आता त्या आमीनचं मी काय करू, सांगा."

"मादाम, मला तुमची दुवा कळत नाही, आमचीही कळत नाही. मी दोन्हींना सारखंच..." बोलता बोलता हद्दू थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.  मग माझ्याकडे हात करून तो घाईघाईने म्हणाला, "याला विचारा. हा शाइब. हा माझ्या शेजारी बसतो. याला सगळी अरबी येते. मला येते का, ते याला विचारा."

गिटल माझ्याकडे वळली.

"नाही येत," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो. नमाजापलीकडे एक वाक्य त्याला कळत नाही. तो आईसाठी रडत होता. पुढे काय आलं ते त्याला मंगळवारी टीव्हीवर कळलं. मी तिथे होतो."

तिच्या खांद्यांतला ताण जरासा सैल झाला. मला वाटलं सुटलो, दोघंही. मी उठण्यासाठी गुडघ्यांवर हात टेकले.

"तुम्हाला येते," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं."

हद्दू माझ्याकडे बघत नव्हता अजून. तो तिच्याकडे बघत होता, आशेने. मी म्हणू शकलो असतो की माझं लक्ष नव्हतं. म्हातारा माणूस, कान कमी, कुणालाही पटलं असतं. पण मग माझी साक्ष कशाची? ज्याचं लक्षच नव्हतं तो शेजाऱ्याबद्दल काय शपथ घेणार? तो वाचायचा तर मला खरं सांगणं भाग होतं, आणि हे त्या पिठाच्या खोलीत येऊन बसेपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"पहिल्या शब्दापासून कळलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाहेर कुणीतरी बंद दुकानाचं दार हलवून पाहत होतं. "आमीन म्हणालो," मी म्हणालो. "हळू. लोक बघत होते म्हणून. खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू असताना बोलायचं नसतं, नेम आहे, म्हणून याला काही सांगता आलं नाही. नंतर... नंतरही नाही सांगितलं."

 गिटलने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता हेच मला अजून सोसत नाही. मग तिने खुंटीवरचा पांढरा डगला काढून हद्दूच्या मांडीवर ठेवला. "आज रात्री दहाला या," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते मी बघते. काही जण तुटतील. तुटू देत."

हद्दूने डगल्याला हात लावला नाही. तो माझ्याकडे बघत होता, मघाचपासून बहुधा. आश्चर्य नव्हतं त्याच्या तोंडावर. कणीक नीट फुगली नाही की ती बोटाने दाबून बघतात ना, तसं तो मला बघत होता. मग त्याने डगला घडी करून बगलेत घेतला, मादामला मान लवून नमस्कार केला आणि बाहेर पडला. मी मागोमाग.

 ट्रामच्या थांब्यापर्यंत मीच आपला बोलत होतो. नेम काय आहे, मिंबरावरून चालू असताना गप्प बस म्हणणंही कसं चालत नाही, हे मी त्याला पुन्हा समजावून सांगत होतो, पोरांना सांगतो तसं. ट्राम येताना दिसली तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"बोलायचं नव्हतं, ठीक," तो म्हणाला. "कोपर मारायचं होतंस."

एवढं म्हणून तो ट्राममध्ये चढला. त्याच्यामागे चढायचं मला काही धाडस झालं नाही.